मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग जायला सोळा तास आणि यायला साडेचौदा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-बाबा जानेवारीत पहिल्यांदाच मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने मुलीकडे चालले आहेत. एका साइटवर अंतर साडेबारा हजार किलोमीटर आणि वेळ चौदा तास दिसतो. तिकिटावर मात्र जायला सोळा तास आणि यायला साडेचौदा. विमान तेच, शहरं तीच, मग फरक कशाचा? बाबांचं म्हणणं, पृथ्वी फिरते म्हणून. शिवाय नकाशात विमान सरळ पश्चिमेला जायचं सोडून वर उत्तरेकडे का वळतं?

मी वीस वर्षांहून जास्त काळ मुंबईत फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलं आहे. हे काम प्रवाशाला कधी दिसत नाही. उड्डाणाच्या चार-पाच तास आधी जमिनीवर बसून आम्ही त्या रात्रीचा रस्ता ठरवतो, इंधन किती घ्यायचं ते काढतो, न्यूयॉर्कला उतरता आलं नाही तर विमान कुठे न्यायचं ते लिहून ठेवतो. कॅप्टन आणि डिस्पॅचर दोघांना तो फ्लाइट प्लॅन पटला की मगच विमान हलतं. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या पोटापाण्याचा होता, आणि तो नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

आधी अंतर. मुंबई विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ हे पृथ्वीच्या पाठीवरचं सगळ्यात कमी अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. आम्ही नॉटिकल मैलांत बोलतो, त्यात ते ६,७७० च्या आसपास भरतं. न्यूयॉर्कजवळच्याच नेवार्क विमानतळावर उतरलात तरी फरक नगण्य. म्हणजे साइटवरचा आकडा बरोबर आहे.

आता एक गोष्ट घरी करून बघा. नातवंडांचा पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घ्या, एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. सपाट नकाशा बघून आपल्याला वाटतं की दोरा अरबस्तान, इजिप्त, भूमध्य समुद्र असा जाईल. तसा तो जातच नाही. ताणला की सरकत सरकत वर चढतो. मुंबईहून तो पश्चिमेला तर नाहीच, वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकून निघतो. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मग मॉस्कोच्या जवळून, फिनलंडवरून, स्वीडन-नॉर्वे ओलांडून आइसलंडची राजधानी रिक्याविकच्या अगदी डोक्यावर, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाखालून कॅनडात आणि तिथून खाली न्यूयॉर्क. उत्तरेला तो जवळजवळ पासष्ट अक्षांशापर्यंत पोचतो. गोल चेंडू सपाट कागदावर पसरला की ध्रुवाकडचा भाग ताणून मोठा दिसतो, म्हणून कागदावर हा रस्ता वळसा वाटतो. गोलावर तोच सरळ आहे.

याच दोऱ्याने आणखी एक उत्तर मिळतं, जे ऐकून बहुतेक मुंबईकर पहिल्यांदा मान्यच करत नाहीत. नकाशात मुंबई दिल्लीच्या पश्चिमेला, म्हणजे अमेरिकेच्या बाजूला. तरी न्यूयॉर्क दिल्लीहून जवळ आहे. दिल्ली ते जेएफके साधारण ११,७५० किलोमीटर, मुंबईहून जवळजवळ आठशे किलोमीटर कमी. कारण रस्ता उत्तरेचा आहे आणि दिल्ली त्या रस्त्यावर आपल्या पुढे बसली आहे.

आता साइटवरचे चौदा तास कुठून येतात ते बघू. या मार्गावरची मोठी विमानं ध्वनीच्या वेगाच्या ०.८४-०.८५ पटीने जातात. अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५६ अंशांच्या आसपास तापमान असतं, तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या जवळपास. त्याचे ०.८४ म्हणजे ताशी ८९०. बारा हजार पाचशे चाळीसला ८९० ने भागा, चौदा तास आले. गणित चोख आहे, पण ते गणित वारा पडलेल्या दिवसाचं, सगळ्या देशांची दारं उघडी असलेल्या दिवसाचं आणि धावपट्टीवर रांग नसलेल्या दिवसाचं आहे. इतक्या वर्षांत असा एकही दिवस माझ्या वाट्याला आला नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानं उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नदी वाहते. तिला जेट स्ट्रीम म्हणतात. उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा यांच्या सीमेवर ती तयार होते. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून नदीलाही पूर येतो. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हे नेहमीचं, तीनशेच्या वरही जातं. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. ते इंजिनाचं नव्हे, वाऱ्याचं काम. त्याच रात्री उलट दिशेने जाणाऱ्यांचा प्रवास लांबला.

ही नदी एका जागी नसते. ती नागमोडी असते, वर-खाली सरकते, दोन फाटे फुटतात, परत जुळतात. लंडन आणि वॉशिंग्टन इथल्या जागतिक हवामान केंद्रांकडून दर सहा तासांनी वाऱ्याचा नवा अंदाज येतो. तो आला की आमचा सकाळी काढलेला रस्ता संध्याकाळी जुना झालेला असायचा.

एका जानेवारीच्या रात्रीचा हिशोब सांगतो, आकडे थोडे ठोकळ करून. समोर दोन रस्ते होते. एक तुर्कस्तान, मध्य युरोप, आयर्लंड करत अटलांटिक ओलांडणारा, १२,८८० किलोमीटरचा. दुसरा नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंड असा वरून जाणारा, १३,१५० किलोमीटरचा. म्हणजे दुसरा २७० किलोमीटर लांब. पण कॅनडाच्या पूर्व टोकाच्या न्यूफाउंडलंड बेटापासून आयर्लंडपर्यंत जेट स्ट्रीम अशी आडवी पडली होती की पहिल्या रस्त्यावर सरासरी ताशी ७५ किलोमीटर वारा तोंडावर येत होता. वरच्या रस्त्यावर तोच ३५. पहिल्याने गेलो तर जमिनीवरून बघता वेग ८१५, वेळ १५ तास ४८ मिनिटं. दुसऱ्याने वेग ८५५, वेळ १५ तास २३ मिनिटं. आम्ही लांबचा रस्ता घेतला, पंचवीस मिनिटं आणि सुमारे तीन टन इंधन वाचलं.

म्हणून आमच्या कामात दोन अंतरं असतात. एक जमिनीवरचं, जे साइट सांगते. दुसरं हवेतलं, म्हणजे विमानाने प्रत्यक्ष किती हवा कापली ते. त्या रात्री पहिल्या रस्त्याचं हवेतलं अंतर १४,००० च्या वर जात होतं, दुसऱ्याचं १३,७०० च्या आत. आणि त्याच विमानाचा परतीचा प्रवास जमिनीवर १३,००० किलोमीटरचा होता, पण पाठीवर सरासरी ६५ चा वारा असल्यामुळे हवेतलं अंतर भरलं सुमारे १२,१००. ताणलेल्या दोऱ्यापेक्षाही कमी! डिस्पॅचर रस्ता निवडतो तो या दुसऱ्या आकड्यावर. इंजिनाला देश कळत नाहीत, त्याला कापलेली हवाच कळते.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याच देशातलं आहे. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेलं. अटलांटिकचा रस्ता साधारण १३,९०० किलोमीटर, पॅसिफिकचा १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त, तरी सुमारे दोन तास लवकर, कारण सगळा रस्ता पूर्वेकडे, वारा पाठीवर घेऊन. मुंबई–न्यूयॉर्कला ही सोय नाही. न्यूयॉर्क अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असल्याने जाताना वाऱ्याला तोंड द्यावंच लागतं.

इथे एक शंका नेहमी येते. जाताना वारा जेवढं अडवतो तेवढंच येताना ढकलतो, मग एकूण बेरीज तीच व्हायला हवी ना? होत नाही. समजा अंतर १२,६०० आणि वेग ९००. वारा नसेल तर जाऊन-येऊन २८ तास. आता १०० चा वारा धरा. जाताना ८०० ने पावणेसोळा तास, येताना १,००० ने १२ तास ३६ मिनिटं. बेरीज २८ तास २१ मिनिटं. कारण उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता, सुलट्या वाऱ्यात कमी.

बाबांच्या मुद्द्याकडे येतो. पृथ्वी फिरते म्हणून न्यूयॉर्क आपल्याकडे सरकत येतं किंवा दूर पळतं, असं होत नाही. जमीन फिरते तशी तिच्यावरची हवाही तिच्याबरोबर फिरते, आणि विमान त्या हवेतच आहे. चालत्या रेल्वेच्या डब्यात तुम्ही पुढे चाला की मागे, तेवढीच पावलं लागतात. पण बाबांचं पूर्ण चूक नाही, हेही त्यांना जरूर सांगा. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाणारी हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळेच पूर्वेकडे वळते आणि त्यातून जेट स्ट्रीमला दिशा मिळते. पृथ्वी फिरायची थांबली तर हा दीड तासाचा फरक राहणार नाही.

वाऱ्यानंतर दुसरी गोष्ट, आकाशातल्या सीमा. ताणलेल्या दोऱ्याखाली कोणते देश येतात ते वर लिहिलंच आहे. आता आठवून बघा. पाकिस्तानने २०१९ मध्ये बालाकोटनंतर फेब्रुवारी ते जुलै आपलं आकाश बंद ठेवलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर युक्रेनचं आकाश बंद झालं आणि रशियाने अमेरिकी व युरोपीय कंपन्यांना आपलं आकाश नाकारलं. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात इराण आणि इराकवरचा रस्ता अचानक मिटला, तेव्हा वाटेतली विमानं परत फिरवावी लागली.

मुंबईला यात भूगोलाची एक साथ आहे. आपण समुद्रकाठी आहोत. उड्डाण झालं की जुहूचा किनारा मागे पडतो आणि अरबी समुद्रावरून थेट ओमान-इराणकडे जाता येतं, पाकिस्तान लागतच नाही. दिल्लीच्या विमानाला तेच करायला आधी खाली गुजरातच्या किनाऱ्याकडे यावं लागतं. दिल्लीचं आठशे किलोमीटरचं वरचढपण अशा वेळी वितळून जातं. दिल्ली–वॉशिंग्टन ही एअर इंडियाची सेवा सप्टेंबर २०२५ पासून थांबली, तेव्हा दिलेल्या कारणांत पाकिस्तानचं बंद आकाश होतंच.

मुंबईचा हिशोब असा. दोरा इस्तंबूलवरून ओवला तर एकूण अंतर १२,८६० किलोमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे सरळ रस्त्यापेक्षा फक्त सव्वातीनशे जास्त. इराण-इराक टाळून सौदी अरेबिया आणि इजिप्तवरून, कैरोजवळून गेलो तर १३,३६० च्या घरात जातं. आठशे किलोमीटर जास्त, उलट्या वाऱ्यात जवळजवळ एक तास. प्रवाशाला हा तास जेवणाचा आणखी एक ट्रे वाटतो. आमच्यासाठी तो सात-आठ टन इंधन असतो.

आणि इंधन नुसतं भरून चालत नाही, ते वाहून न्यायलाही इंधन लागतं. सोळा तासांच्या उड्डाणात जादा घेतलेल्या एका टनापैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटेतच जळतं, ते फक्त उरलेलं वर तोलून धरण्यासाठी. बोइंग ७७७-३००ईआर विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन ३५१ टन आहे. टाकीत १ लाख ८१ हजार लिटर मावतं. विमान, माणसं, सामान आणि इंधन मिळून ३५१ च्या वर जाता येत नाही. इंधन वाढलं की दुसरं काहीतरी उतरवावं लागतं.

मे महिन्यातली एक रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. वाटेतला एक पट्टा ऐन संध्याकाळी बंद झाल्याची सूचना आली आणि लांबचा रस्ता घ्यावा लागला. त्यात मुंबईची हवा तापलेली. तापलेली हवा विरळ असते, पंखांना उचलायला कमी मिळते, त्यामुळे उचलता येणारं वजनही कमी. हिशोब सहा टनांनी चुकत होता. प्रवाशांना हात लावायचा नव्हता, म्हणून माल उतरवायचं ठरलं. खाली कार्गोत हापूसचे पॅलेट होते. अमेरिकेला जाणारा आंबा आधी वाशी किंवा लासलगावला विकिरण करून, पेट्यांवर शिक्के होऊन येतो; कुणीतरी देवगड-रत्नागिरीत तो झाडावरून योग्य दिवशी उतरवलेला असतो. लोडरने जाळी लावलेले दोन पॅलेट खाली घेतले. मी त्या वेळी बाहेर उभा होतो, केरोसिनच्या वासात आंब्याचा वास मिसळला होता. ते दुसऱ्या रात्रीच्या विमानाने गेले. सुरक्षिततेच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता, आजही तोच घेईन. पण झाडावरून उतरलेल्या आंब्याला एक दिवस म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मला अजून वाईट वाटतं.

हे सगळं असूनही विमान जोरात का हाकत नाहीत, असंही विचारतात. पंखावर काही ठिकाणी हवा ध्वनीच्या वेगाच्या पुढे जाते; विमान ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पटीपुढे नेलं की तो भाग वाढतो आणि विरोध एकदम वाढतो. दहा मिनिटं वाचवायला काही टन जाळावे लागतात. क्वचित करतात, रोज परवडत नाही.

आता तिकिटावरचा वेळ. तिकिटावर जे सोळा तास लिहिलेले असतात ते हवेतले नसतात. चाकांना लावलेले ठोकळे मुंबईत काढल्यापासून न्यूयॉर्कला पुन्हा लावेपर्यंतचा तो वेळ असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि रात्री परदेशी विमानांची रांग लागते. न्यूयॉर्कला सकाळी उतरणाऱ्यांचीही गर्दी असते. ही वीस-तीस मिनिटं कंपनी आधीच धरून ठेवते. म्हणूनच कधी कधी विमान 'अर्धा तास लवकर' पोचतं. वारा दयाळू निघाला किंवा रांग लागली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

घड्याळाचा गोंधळ वेगळा. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्यामागे साडेदहा तास असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळ एक तास पुढे करतात, मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेनऊ. समजा आई-बाबांचं विमान रात्री दीडला सुटलं. सोळा तासांनी आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजतील, तिथे सकाळचे सात, आणि तारीख तीच. परतताना न्यूयॉर्कहून सकाळी अकराला निघाले तर साडेचौदा तासांनी मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारचे बारा. तिकिटावरच्या वेळा नुसत्या वजा केल्या तर जायला साडेपाच तास आणि यायला पंचवीस तास दिसतात. कित्येक घरांत यावरूनच घोटाळा होतो आणि घ्यायला येणारा माणूस चुकीच्या दिवशी विमानतळावर उभा राहतो.

बाबा रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी घेत असतील तर 'रोज सकाळी' हे सोळा तासांच्या प्रवासात उपयोगाचं नाही. मागच्या गोळीनंतर किती तासांनी पुढची, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या, आणि बाबांचं मनगटी घड्याळ उतरेपर्यंत मुंबईच्या वेळेवरच राहू द्या. औषधं हातातल्या पिशवीत, प्रिस्क्रिप्शनसह. पुढे न्यूयॉर्कहून दुसरं विमान पकडायचं असेल तर मध्ये चार तास ठेवा. हिवाळ्यात वारा आणि बर्फ दोन्ही खेळी करतात, शिवाय इमिग्रेशनची रांग.

बाबांना नकाशाची आवड दिसते. त्यांना सीटसमोरच्या पडद्यावर ग्राउंड स्पीड (जमिनीवरून बघता वेग) आणि हेडविंड (तोंडावरचा वारा) हे दोन आकडे बघायला सांगा. समुद्रावर असताना हेडविंड वाढला की ग्राउंड स्पीड तेवढाच खाली येताना दिसेल. वाटेत विमान दोन-तीनदा आणखी उंच चढेल. काही बिघडलेलं नसतं, इंधन जळून वजन हलकं झालं की वरच्या पातळ हवेत जाणं स्वस्त पडतं.

आणि जमलं तर त्यांना उजव्या बाजूची खिडकी घेऊन द्या, पंखाच्या मागची. जानेवारीत रात्री दीडला निघालेलं विमान पश्चिमेकडे जात सूर्योदयाच्या पुढे-पुढे धावत राहतं, त्यामुळे जवळजवळ सोळाही तास बाहेर अंधार असतो. उजाडायला लागतं ते न्यूयॉर्क जवळ आल्यावर. रस्ता उत्तरेचा पडला तर आइसलंड ते ग्रीनलंड या टप्प्यात उजवीकडे उत्तर दिशा येते. आतले दिवे मालवलेले असतात. ब्लँकेट डोक्यावरून खिडकीपर्यंत ओढून, काचेला डोळे लावून थोडा वेळ थांबायचं. नशीब असेल तर क्षितिजावर नॉर्दर्न लाइट्सचा, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचा, हिरवट पडदा हलताना दिसतो. कॅप्टन मंडळींनी परत आल्यावर मला त्याचे फोटो कितीदा दाखवले आहेत.